सॉकर अमेरिकेला परका आहे, या दाव्याला उत्तर

अमेरिकेतल्या सॉकरविषयी, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाविषयी, एक मत गेली चाळीस वर्षे थोड्याफार फरकाने फिरत आले आहे. हा खेळ अमेरिकेच्या मातीतला नाही, तो स्थलांतरितांनी आणला. त्यात गोल कमी होतात आणि सामने बरोबरीत सुटतात, म्हणून तिथल्या माणसाला तो कंटाळवाणा वाटतो. लहान मुले तो खेळतात आणि मोठी झाली की सोडून देतात. अधूनमधून दिसणारी गर्दी एखाद्या पेलेची, बेकहॅमची किंवा मेस्सीची असते, असा त्याचा एकंदर आशय आहे. १९८६ मध्ये विश्वचषकाच्या यजमानपदाला पाठिंबा देणारा ठराव प्रतिनिधीगृहापुढे आला, तेव्हा एकेकाळी अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या तिथल्या खेळाचे, नामवंत खेळाडू असलेले सदस्य जॅक केम्प यांनी अमेरिकन फुटबॉलला लोकशाहीवादी व भांडवलशाही आणि सॉकरला युरोपीय समाजवादी खेळ म्हटले होते. २०१४ च्या विश्वचषकाच्या काळात स्तंभलेखिका ॲन कोल्टर यांनी सॉकरमधला वाढता रस हे राष्ट्राच्या नैतिक ऱ्हासाचे लक्षण ठरवले आणि त्याचे खापर १९६५ च्या स्थलांतर कायद्यावर फोडले. तो लेख जगभर वाचला गेला आणि त्यातले मुद्दे आजही, लेखिकेचे नाव गळून, जसेच्या तसे पुढे पाठवले जातात. ते ठाम स्वरात मांडलेले असतात, पण इतिहास आणि आकडे या दोन्हींपुढे त्यातले बरेचसे टिकत नाहीत.

सुरुवात परकेपणाच्या आरोपापासून करू, कारण बाकीचे आरोप त्याच्याच आधाराने उभे आहेत. १९६५ च्या कायद्यामुळे सॉकर आला म्हणणाऱ्यांनी त्या कायद्याच्या ऐंशी वर्षे आधीच्या न्यू जर्सीकडे पाहावे. नेवार्क शहराला लागून कर्नी नावाचे गाव आहे. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या क्लार्क कुटुंबाच्या दोऱ्याच्या गिरण्या या भागात उभ्या राहिल्या, त्यांच्याबरोबर स्कॉटिश कामगार आले आणि कामगारांबरोबर चेंडू आला. आपल्या गिरणगावात कबड्डी जशी चाळींच्या आणि गिरण्यांच्या संघांतून वाढली, तसाच हा खेळ तिथे गिरणीच्या संघातून वाढला. क्लार्क कंपनीच्या संघाने १८८५ पासून सलग तीन वर्षे अमेरिकन कप जिंकला, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये तिथल्याच क्लार्क मैदानावर अमेरिका आणि कॅनडा यांच्या संघांत सामना झाला. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा कणा ठरलेले टॅब रामोस, जॉन हार्क्स आणि टोनी मिओला हे तिघेही याच कर्नीत वाढले. आज ज्या एडिसन आणि जर्सी सिटीत हजारो मराठी कुटुंबे राहतात, तिथून कर्नी मोटारीने फार दूर नाही.

न्यू इंग्लंडमधल्या फॉल रिव्हरच्या कापड गिरण्या आणि पेनसिल्व्हेनियातला बेथलेहेमचा पोलाद कारखाना यांचीही गोष्ट अशीच आहे. अमेरिकेच्या सॉकर महासंघाची स्थापना १९१३ ची आणि त्याची राष्ट्रीय चषक स्पर्धा १९१४ पासूनची. अमेरिकन फुटबॉलची आजची व्यावसायिक लीग त्यानंतर, १९२० मध्ये सुरू झाली. १९२१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमध्ये बेथलेहेमच्या आर्ची स्टार्कने १९२४–२५ च्या एका हंगामात ६७ गोल केले. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅट्‌ट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, फॉल रिव्हरच्याच बर्ट पेटेनॉडने पॅराग्वेविरुद्ध केली. एवढे सगळे विस्मृतीत का गेले, याचे कारण अमेरिकी स्वभावात शोधायची गरज नाही. १९२८ मध्ये लीग आणि महासंघ यांच्यात चषक स्पर्धेवरून भांडण जुंपले, दोन्ही बाजूंचे पैसे आणि प्रेक्षक त्यात गेले, आणि त्यातून सावरण्याआधीच १९२९ ची मंदी आली. ज्या गिरण्या संघ पोसत होत्या त्याच बंद पडू लागल्यावर संघ तगणार तरी कसे?

तरीही गावागावांतला खेळ थांबला नव्हता. २९ जून १९५० रोजी ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते इथे अमेरिकेने इंग्लंडला १–० असे हरवले. अमेरिकेच्या त्या संघात सेंट लुइस शहरातले पाच खेळाडू होते. गोलरक्षक फ्रँक बोर्गी शववाहिका चालवत असे, हॅरी किओ टपाल खात्यात होता आणि फिलाडेल्फियाचा वॉल्टर बार शाळेत शिकवत असे. विजयी गोल करणारा जो गेटजेन्स हा हैतीहून शिकायला आलेला तरुण न्यूयॉर्कमधल्या उपाहारगृहात भांडी घासत होता. गेटजेन्स परदेशी होता, हे टीकाकार आवर्जून सांगतील. पण सेंट लुइसच्या पाच जणांचे ते काय करणार? त्याच सेंट लुइसमध्ये २०२३ साली मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएसचा, नवा संघ आला आणि त्याने पहिल्याच हंगामात पश्चिम विभागात पहिले स्थान मिळवले. तिथे तो खेळ नव्याने शिकवावा लागला नाही.

आणि परकेपणाचा निकष लावायचाच तर तो सर्वांना सारखा लावावा. अमेरिकन फुटबॉलच्या विद्यापीठीय इतिहासात पहिला म्हणून मोजला जाणारा, ६ नोव्हेंबर १८६९ चा रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन हा सामना चेंडू हातात घेऊन पळण्याचा नव्हताच; गोल चेंडू लाथेने पुढे ढकलत तो खेळला गेला. हातात चेंडू घेऊन पळण्याची पद्धत नंतर रग्बीतून, म्हणजे इंग्लंडच्याच एका खेळातून आली. बास्केटबॉलचे जनक जेम्स नाइस्मिथ कॅनडात जन्मलेले होते. या दोन खेळांना कोणी परके म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

गोल कमी होतात, हा आक्षेप मुळात गुण मोजण्याच्या पद्धतीचा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेणे, आणि त्यानंतरची किक मिळून सात गुण होतात, म्हणजे २१–१४ असा सामना प्रत्यक्षात तीन विरुद्ध दोन असतो. तीन तासांहून अधिक चालणाऱ्या त्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ सुमारे ११ मिनिटे भरतो, असे वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये मोजून दाखवले होते. यावरून तो खेळ रटाळ ठरत नाही; दोन चालींमधल्या थांब्यात डावपेच कसे रचले जातात हे ज्याला कळते, त्याला तो थांबाही आवडतो. सॉकर पाहणाऱ्यालाही हाच न्याय मिळायला हवा. गोलाविना गेलेल्या सत्तर मिनिटांत मधल्या फळीत कोणी कोणाची जागा अडवली आणि कोणता बचावपटू दमत चालला आहे, हे वाचण्यातच या खेळाची गोडी आहे.

बरोबरी अमेरिकी माणसाला सोसत नाही, या समजुतीची तर प्रत्यक्ष परीक्षाच झाली आहे. १९९६ मध्ये एमएलएस सुरू झाली तेव्हा तिच्या चालकांनाही हीच भीती होती. म्हणून नव्वद मिनिटांनंतर बरोबरी झाल्यास निकाल लावण्यासाठी त्यांनी वेगळाच प्रकार ठेवला. खेळाडू गोलपासून ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघे, त्याला पाच सेकंदांत गोल करायचा असे आणि गोलरक्षक पुढे धावत येऊन त्याला अडवू शके. सामन्याचे घड्याळही बास्केटबॉलसारखे उलटे, शून्याकडे पळत असे. हे सगळे ज्या काल्पनिक प्रेक्षकासाठी केले, तो मैदानावर आलाच नाही. जो आला, त्याला जगभर खेळला जातो तोच खेळ हवा होता, आणि या प्रकारांवर सर्वात जास्त चिडला तोही तोच. २००० च्या हंगामापासून लीगने ते बंद केले. बरोबरीत सुटणारे सामने तेव्हापासून आहेत आणि प्रेक्षक तेव्हापासून वाढलेच आहेत.

मुले खेळतात आणि सोडून देतात, या विधानात अर्धे सत्य आहे. न्यू जर्सीतल्या कोणत्याही टाउनशिपच्या मैदानावर शनिवारी सकाळी पाहावे: कडेला घडीच्या खुर्च्या, संत्र्याच्या फोडींचा डबा, गुडघ्यापर्यंत ओढलेल्या मोज्यांतून डोकावणारी शिनगार्ड, आणि चेंडूमागे एकाच घोळक्याने धावणारी सहा वर्षांची मुले, त्यात एखादा कुलकर्णी, एखादी पाटील. यातली बहुतेक दहा वर्षांनी खेळत नसतील. पण बेसबॉल खेळणारी बहुतेक मुलेही सोडून देतात, आणि तरी मोठेपणी सामना पाहायला जातात. मुलींच्या बाबतीत तर हे विधान साफ कोसळते. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना समान संधी देणारा कायदा १९७२ मध्ये झाला. महाविद्यालयांना मुलींचे संघ उभारणे भाग पडले, आणि खर्च कमी व खेळाडू जास्त सामावणारा सॉकर त्यांना सोयीचा ठरला. शिष्यवृत्त्या आल्या, त्यामुळे मुली खेळत राहिल्या, आणि १९९१ चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला. १० जुलै १९९९ रोजी पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये चीनविरुद्धचा अंतिम सामना ९०,१८५ प्रेक्षकांनी पाहिला. २०१५ आणि २०१९ चे चषकही त्यांचेच, आणि २०१५ चा अंतिम सामना अमेरिकेत इंग्रजी वाहिनीवर अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. सॉकरच्या टीकाकारांच्या लेखनात या स्त्रियांचा उल्लेख क्वचितच असतो, आणि मला ही या दाव्यातली सर्वात अन्यायकारक बाब वाटते. जगातला सर्वात यशस्वी महिला संघ ज्या देशात घडला, त्या देशाला हा खेळ परका आहे असे म्हणताना त्यांना थोडे थांबावेसे वाटायला हवे.

आता ताऱ्यांच्या लाटेचा मुद्दा. याला इतिहासाचा आधार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. १९७५ मध्ये पेले नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमधल्या न्यूयॉर्क कॉसमॉस या संघाकडे आले आणि ऑगस्ट १९७७ मध्ये ईस्ट रदरफोर्डच्या जायंट्स स्टेडियममध्ये एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक जमले. सात वर्षांनी, १९८४ च्या हंगामानंतर, ती लीग बंद पडली. ती बुडाली याचे कारण मात्र प्रेक्षकांच्या आवडीपेक्षा हिशेबात अधिक होते. १९७८ मध्ये संघांची संख्या एकदम २४ वर नेली गेली, कॉसमॉसची बरोबरी करण्यासाठी लहान शहरांतल्या मालकांनी उतारवयातल्या खेळाडूंवर न झेपणारा पैसा ओतला, आणि बहुतेक सामने भाड्याच्या अवाढव्य मैदानांत रिकाम्या खुर्च्यांपुढे झाले. एमएलएसने यातला प्रत्येक धडा गिरवला. खेळाडूंचे करार लीगच्या नावे ठेवले, पगारावर मर्यादा घातली, आणि १९९९ मध्ये कोलंबस इथे संघमालक लमार हंट यांनी खास सॉकरसाठी बांधलेल्या मैदानापासून स्वतःची मैदाने उभारायला सुरुवात झाली. २००२ मध्ये दोन संघ बंद करून लीग पुन्हा दहावर आली आणि जवळजवळ सगळे संघ तीन मालकांच्या हाती होते. बुडायचीच तर ती तेव्हा बुडाली असती. २०२५ मध्ये सॅन डिएगोचा संघ लीगमधला तिसावा संघ म्हणून आला, आणि त्याच्या मालकांनी प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले.

मेस्सी जुलै २०२३ मध्ये एमएलएसच्या मायामी संघात आले. अटलांटात ७३,०१९ प्रेक्षकांसमोर लीगचा अंतिम सामना झाला तो २०१८ मध्ये. शार्लटच्या नव्या संघाच्या घरच्या पहिल्या सामन्याला ७४,४७९ लोक आले ते मार्च २०२२ मध्ये. आणि लीगच्या एका हंगामातील प्रेक्षकसंख्येने एक कोटीचा टप्पा ओलांडला तोही २०२२ मध्येच. मेस्सींमुळे तिकिटांचे भाव आणि जगाचे लक्ष वाढले, हे खरेच आहे. पण ते भरल्या घरात आले.

मग जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेची पाहणी पुढे केली जाते. पाहण्यासाठी सर्वात आवडता खेळ कोणता, या प्रश्नाला २०१७ मध्ये ७ टक्के लोकांनी सॉकर असे उत्तर दिले, २०२३ मध्ये ५ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉल ४१ टक्क्यांवर होता. हे अंतर प्रचंड आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येते. शनिवारी सकाळी इंग्लिश प्रीमियर लीग आणि रविवारी दुपारी अमेरिकन फुटबॉल पाहणारा माणूस तिथे एकदाच, आणि बहुधा दुसऱ्याच रकान्यात मोजला जातो. पहिल्या क्रमांकावर नसलेला खेळ लोकप्रिय नाही, असे मानले तर बेसबॉलही अमेरिकेत लोकप्रिय नाही असे म्हणावे लागेल. एनबीसी या अमेरिकी वाहिनीने प्रीमियर लीगच्या सहा वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी २०२१ मध्ये सुमारे २७० कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. प्रेक्षक नसलेल्या खेळावर कोणतीही वाहिनी एवढे पैसे लावत नाही. १९९४ च्या विश्वचषकाला ५२ सामन्यांत ३५ लाखांहून अधिक लोक मैदानात आले, आणि पुढे सामन्यांची संख्या ६४ झाल्यावरही २०२२ पर्यंतच्या एकाही स्पर्धेला तो आकडा गाठता आला नाही.

उरतो पुरुषांच्या संघाचा प्रश्न, आणि इथे टीका योग्य आहे. १९३० नंतरची त्यांची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे २००२ ची उपांत्यपूर्व फेरी. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदादमध्ये केवळ बरोबरी साधली असती तरी आशा टिकली असती. संघ २–१ असा हरला आणि २०१८ च्या विश्वचषकाला मुकला. पण याचे कारण देशाला हा खेळ आवडत नाही, हे नव्हे. तिथे मुलाला चांगले प्रशिक्षण हवे असेल तर पालकांना क्लबची फी, गणवेश, दूरच्या स्पर्धांचा प्रवास आणि हॉटेल मिळून वर्षाला हजारो डॉलर भरावे लागतात. आपली मराठी कुटुंबे बहुधा ते भरू शकतात. ज्या मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी कुटुंबांतली मुले सार्वजनिक बागांत रोज संध्याकाळी खेळतात, त्यांच्यातल्या अनेकांना ते परवडत नाही, आणि निवड करणाऱ्यांची नजर त्या बागांपर्यंत क्वचितच जाते. एमएलएसच्या बहुतेक संघांच्या अकादम्या आता फी घेत नाहीत, पण त्या मोजक्या महानगरांभोवतीच आहेत. तिथून दोनशे मैलांवरच्या गावातल्या गुणी मुलाला आजही आधी चेकबुक विचारले जाते, आणि सॉकरला नावे ठेवणाऱ्यांपैकी कोणी या गोष्टीबद्दल बोलताना मी ऐकलेले नाही.