पत्रिका, कार्ड आणि वंशावळ

गेल्या डिसेंबरात इंदूरला सुदामानगरात मावशीकडे उतरले होते. मावसबहिणीचे लग्न ठरत आले होते आणि मुलाकडच्यांनी पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, रिपोर्टही मागितला होता. मागणी मला रास्तच वाटली. रिपोर्ट आणायला मी तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसाने पाकीट पुढे सरकवत, मागे रांगेत सात-आठ जण उभे असताना, मोठ्याने सांगितले, "मायनर आया है, ब्लड में खराबी है, डॉक्टर को दिखा लेना." कागदावर हिमोग्लोबिन ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.२ टक्के होते. साडेतीनच्या वर गेलेला हा आकडा बहुधा 'मायनर' म्हणजे वाहक असल्याचे सांगतो, आणि वाहक व्यक्ती आजारी नसते. जोडीदारही वाहक असेल तरच प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजरचे, म्हणजे आजाराच्या तीव्र रूपाचे, असण्याची शक्यता चारात एक असते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात गरोदर स्त्रियांच्या तपासणी विभागात चौदा वर्षे नर्स असल्यामुळे मला हे ठाऊक होते. तिला मात्र 'खराबी' एवढेच ऐकू आले आणि अन्नपूर्णा मंदिर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल या थॅलेसेमियासारख्याच आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एक वाद अधूनमधून उसळतो. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, त्यांना निकालाचे कार्ड द्यायचे, आणि पत्रिका जुळवा न जुळवा, ते कार्ड मात्र लग्नाआधी जुळवून पाहायचे, असा तो विचार आहे. सिकलसेल जिथे जास्त आढळतो ते झाबुआ-अलीराजपूर हे आदिवासी जिल्हे इंदूरहून काही तासांवर असल्याने हा प्रश्न आम्हाला लांबचा नाही. डॉक्टर असलेले काका म्हणतात, तपासणी सक्तीचीच करा. मावशी म्हणते, नकार शेवटी मुलीलाच येणार. दोघांचेही बरोबर आहे, परंतु दोघेही कार्डावर भांडतात. ते हातात देणारा माणूस काय बोलणार, हे कोणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्याच्या आत सिकलसेल आणि थॅलेसेमियाची ही तपासणी व्हावी असा प्रयत्न असतो, आणि आई वाहक निघाली की बाळाच्या वडिलांना लगेच बोलावतात. पण मला खरे उपयोगी पडले ते प्रशिक्षणात घटवून घेतलेले बोलणे: 'दोष' म्हणायचे नाही, 'चारात एक' हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो हे सांगायचे (पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही), आणि समोरच्याला काय कळले ते त्याच्याच तोंडून ऐकायचे. आपल्याकडे २०१९ च्या वैद्यकीय अभ्यासक्रमात संवादकौशल्य आले हे चांगलेच झाले, पण ते एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आशाताई, नर्स आणि खिडकीतला तो माणूस त्याच्या बाहेरच राहिले. 'जेनेटिक समुपदेशन केंद्र' हे शब्द तर आपल्या कायद्यात १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यातून आले, म्हणजे नोंदणी आणि मनाई यांच्याच भाषेत.

तरी इथले, इंग्लंडमधले, सगळे जसेच्या तसे भारतात न्यावे, असे मी म्हणणार नाही. इथे आम्ही रुग्णाच्या हाती 'नातेवाइकांना द्या' म्हणून एक इंग्रजी पत्र देतो. ज्यांची मावशी-आत्या भारतात आहे, त्यांच्या घरी ते कपाटातच पडून राहते. इथली सहकारी 'नात्यात लग्न झाले आहे का' हे चाचरत विचारते. आपल्याकडे तो प्रश्न गाव विचारावे इतक्या सहज येतो. इंदूरच्या दवाखान्यात पेशंटबरोबर चार माणसे आत येतात. त्यांच्याकडून घराण्याची माहिती कशी काढून घ्यायची, आणि त्यांना नेमके केव्हा बाहेर बसवायचे, हे शिकवायला हवे. हा धडा लेस्टरच्या पुस्तकात मिळणार नाही.

त्या संध्याकाळी मी आमंत्रणांच्या यादीच्या पाठीवर तीन पिढ्यांची वंशावळ काढायला बसले: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, पडलेल्या गर्भाला छोटा त्रिकोण. मावशीने कौतुकाने माहेरचा कुलवृत्तांत आणून दिला. त्यात मुलगी लग्न झाले की एका ओळीत संपते, आणि लहानपणी गेलेले मूल नसतेच. मी आजीच्या भावंडांविषयी विचारत राहिले, तेव्हा मावशी थांबून म्हणाली, "आईच्या बहिणीची एक मुलगी होती गं. पांढरी पडत पडत तिसऱ्या वर्षी गेली. दृष्ट लागली म्हणायचे."

मी त्या वर्तुळावर तिरकी रेघ मारली. त्या मुलीला काय झाले होते, हे आता सांगता येणार नाही. मावशीला स्वतःला मात्र वर्षानुवर्षे ॲनिमियाच्या म्हणून लोहाच्या गोळ्या देत आले होते आणि तिची ही तपासणी कधीच झाली नव्हती. वाहकाच्या तांबड्या पेशी लहान असतात आणि लोहाच्या कमतरतेतही तशाच दिसतात. ती बराच वेळ कागद पाहत राहिली. मग नवऱ्या मुलाच्या चौकोनावर बोट ठेवून तिने विचारले, "आणि याचा रिपोर्ट?"

तो तोवर कोणीच मागितला नव्हता. मावशीने चष्मा लावला आणि विहीणबाईंचा नंबर शोधायला घेतला.