पाच एकरांच्या प्लॉटने शेती वाचत नाही

अमेरिकेतल्या काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) जमीन आराखड्यांचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: प्रत्येक घराला किमान पाच एकरांची सक्ती करा, शेती आपोआप वाचेल, त्याहून कडक मर्यादा म्हणजे शेतकऱ्याची लूट, आणि दाट वस्तीने पाणी बिघडतं. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने १९७०च्या दशकात पाच एकरांचा नियम लावून पाहिला, तरी शेतांचे तुकडे पडतच राहिले. कारण सरळ आहे. १०० एकरांच्या शेतावर २० घरं येतात, प्रत्येकाला वेगळी विहीर, सेप्टिक टाकी आणि रस्ता लागतो. उरलेल्या तुकड्यांत मोठं कापणी यंत्र धड वळत नाही. शिवाय शेणखताच्या वासाच्या आणि रात्रीच्या यंत्रांच्या तक्रारी सुरू होतात. म्हणून १९८० साली काउंटीने सुमारे ९३,००० एकरांचा कृषी राखीव पट्टा आखला आणि २५ एकरांना एकच घर ठेवलं. त्याच शेतावर आता चार घरं.

मग लुटीचं काय? मालकाला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क, म्हणजे टीडीआर (एक घर बांधण्याचा, दुसऱ्याला विकता येणारा हक्क), मिळाला. १०० एकरांचे २० हक्क. चार घरांसाठी चार राखले तर १६ विकता येतात. बिल्डर ते घेऊन काउंटीने नेमून दिलेल्या भागात जादा घरं बांधतो. मुंबईत आरक्षित भूखंड पालिकेच्या ताब्यात दिला की टीडीआर मिळतो. माँटगोमेरीत जमीन शेतकऱ्याकडेच राहते, फक्त विकलेल्या हक्कांचं बंधन पुढच्या मालकांवरही राहतं. भावाची हमी मात्र नाही, आणि खरी चूक इथेच होते: बिल्डरला तेवढीच घरं दुसऱ्या सवलतीतून फुकट बांधता आली, तर हक्काला गिऱ्हाईक उरत नाही.

पाण्याचा हिशेब एकरी नव्हे, घरामागे करा. २,००० घरांना पाच एकरांच्या प्लॉटने १०,००० एकर लागतात. एकरी दहा घरं बांधली तर २००. दाट वस्तीच्या एका एकरावर जास्त काँक्रीट असतं हे खरं, पण दर घरामागे रस्ता आणि छप्पर कमी लागतं, म्हणून त्यांवरून घाण घेऊन वाहणारं पावसाचं पाणीही कमी. आराखडे तपासताना घरांची संख्या सारखी धरा, मगच एकर, रस्त्याची लांबी आणि सांडपाण्याची वाहिनी कुठवर न्यावी लागते हे शेजारी मांडा.