'काही सापडलं नाही' म्हणजे पुस्तक नाही, असं नव्हे

बेळगाववर प्रोजेक्ट, पीएचडी करणाऱ्या पोरांना कळकळीने सांगतोय. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर गावाचं नाव टाकायचं, 'काही सापडलं नाही' दिसलं की 'आपल्यावर कुणी लिहिलेलंच नाही' म्हणत उठायचं, हे बंद करा. १८४८ साली सार्वजनिक वाचनालय निघालेलं गाव आहे हे. पुस्तक बऱ्याचदा आत असतं, नोंद मात्र दुसऱ्याच नावाने असते.

आपल्याकडे तर ते होणारच. नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. त्याआधी इंग्रजीत बेलगाम. मराठीत बेळगाव, जुन्या छपाईत डोक्यावर टिंब देऊन बेळगांव. कॉम्प्युटरला हे चार वेगळे शब्द, म्हणून चारही टाकून बघा. १८८४ चं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, हवं असेल तर 'कर्नाटक' शब्द घालूच नका. तो मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २१ वा खंड आहे. १९५६ च्या आधीचे सरकारी अहवालही 'मुंबई'खालीच बघा. शहापूरचं जुनं काही हवंय? 'सांगली संस्थान' टाका, कारण शहापूर तेव्हा सांगलीकर पटवर्धनांकडे होतं.

आपल्या इंदिरा संतांच्या कविता शोधायला नुसतं 'संत' टाकलंत तर ज्ञानोबा-तुकोबांपासून सगळी मांदियाळी पडद्यावर येते. शोधाच्या चौकटीशेजारी 'लेखक' निवडा आणि आडनाव आधी लिहा: 'संत, इंदिरा'. कुसुमाग्रज मिळाले नाहीत तर शिरवाडकर टाका. काही ठिकाणी मराठी पुस्तकंही इंग्रजी अक्षरांत चढवलेली असतात. तिथे एक 'लक्ष्मण' कुणी एक्सने लिहितो, कुणी के-एस-एचने.

आणि एक पुस्तक हाती लागलं की त्याची पूर्ण नोंद उघडाच. खाली विषयाची ओळ असते, तिच्यावर क्लिक केलं की त्या विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त माल इथेच मिळतो. वर्गांकही, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा आकडा, टिपून घ्या. लायब्ऱ्यांच्या ड्युई वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला, कन्नड ८९४.८१४ ला. सीमाभागाचं साहित्य दोन कपाटांत वाटलेलं आहे, दोन्हीकडे जा.

ग्रंथपालांना हात जोडून विनंती: नोंदीत गावाची सगळी नावं घाला, देवनागरीत आणि कन्नड लिपीतही. जुन्या कार्डांच्या खणात 'अमुक पाहा' असं कार्ड असायचं, तेवढी सोय कॉम्प्युटरवरही हवी. तोवर पोरांनो, काउंटरवर विचारा. बरीच जुनी पुस्तकं अजून कॉम्प्युटरवर चढलेलीच नाहीत, ती फक्त दाखल रजिस्टरात, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत, सापडतील.