‘रविवारी शिकार बंद असते’ हा सल्ला पुढे पाठवण्याआधी

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत ट्रेलवर जाणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: ‘रविवारी शिकार बंद असते, तेव्हा जा. भडक जॅकेट घाला, खुणा केलेली ट्रेल सोडू नका, शिकारी दिसला तर आरडाओरडा करा. मग काही भीती नाही.’ सह्याद्रीत फिरलेल्यांना हे चटकन पटतं, कारण आपल्याकडे शिकारीलाच बंदी आहे आणि डोंगरात बंदूकवाला भेटेल हे मनातही येत नाही. पण हा सल्ला धोक्याचा आहे.

‘रविवारी शिकार बंद असते.’ पेनसिल्व्हेनियात हे एकेकाळी बरंचसं खरं होतं. २०१९ च्या कायद्यानं तीन रविवार मोकळे केले आणि २०२५ मध्ये जुनी बंदीच उठली. न्यू जर्सीत रविवारी हरणावर बंदूक चालवता येत नसली, तरी राज्याच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात (वन्यजीवांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर) धनुष्यबाण चालतो. शिवाय पेनसिल्व्हेनियात रायफलनं हरणं मारण्याचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, म्हणजे नेमके आपण मुलांना घेऊन निघतो तेव्हा. वार कुठला ते सोडा. जायचंय त्या जागेचं चालू वर्षाचं वेळापत्रक राज्याच्या साइटवर बघा.

‘भडक जॅकेट घाला.’ सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. हवा तो फक्त फ्लुरोसंट नारिंगी. लाल रंग कलत्या उन्हात काळपट दिसतो. पांढरा तर नकोच: व्हाइटटेल हरीण बिचकलं की शेपूट वर करून पळतं आणि शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. पांढरे हातमोजे किंवा नाक पुसायला काढलेला रुमाल झाडीतून अगदी तसाच चमकतो. १९८८ च्या नोव्हेंबरात मेन राज्यातल्या हर्मनमध्ये पांढरे हातमोजे घातलेली एक बाई स्वतःच्या घरामागे हरणाच्या शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली.

पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट गेम लँड्सवर (शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर) १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात शिकार न करणाऱ्यांनाही डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी लागतो (साधारण ४० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा), नाहीतर नारिंगी टोपी. नेहमी होणारी चूक म्हणजे व्हेस्ट घालायचं आणि त्यावर काळी सॅक चढवायची. पाठ झाकली गेली! सॅकवर नारिंगी रेनकव्हर चढवा. पाठीवरच्या कॅरियरमधल्या बाळाला नारिंगी टोपी घाला. हरणांना नारिंगी आणि हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे शिकाऱ्याचंही काही बिघडत नाही.

‘खुणा केलेली ट्रेल सोडू नका.’ सोडू नकाच, पण तेवढं पुरत नाही. पेनसिल्व्हेनियात बंदुकीसाठी १५० यार्डांचं अंतर वापरातल्या इमारतींपासून ठेवायचं असतं. ट्रेलची खूण म्हणून झाडावर मारलेल्या रंगाच्या पट्ट्यापासून नव्हे. रायफलची गोळी मैलाच्याही पुढे जाते. हरणाच्या शिकारीला मुभा सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते आणि हरणं बाहेर पडतात ती याच दोन टोकांना. दहा ते तीनमध्ये ट्रेक उरका.

‘आरडाओरडा करा.’ आपसात मोठ्यानं बोलत चाला, हरकत नाही. पण शिकार बिघडवायला मुद्दाम जनावर पिटाळणं हा पन्नासही राज्यांत गुन्हा आहे. गेम लँड्सची बरीचशी जमीन शिकाऱ्यांच्या लायसन्सच्या पैशातूनच घेतलेली आहे, तेव्हा ‘हा इथे कशाला आला’ हा प्रश्नच चुकीचा. जवळ गोळीचा आवाज आला तर थांबा आणि माणसाचाच आहे हे कळेल अशा स्पष्ट आवाजात ‘हॅलो, हायकर्स हिअर!’ अशी हाक द्या. शीळ नको, प्राण्यांचे आवाज नकोत. झाडावर पंधरा-वीस फुटांवर बसलेला धनुर्धारी दिसला, तर खाली रेंगाळू नका, हळू आवाजात नमस्कार करून पुढे व्हा. आणि कुत्रा असेल तर पट्टा हातात हवा, अंगावर नारिंगी व्हेस्ट हवं: तपकिरी लॅब्राडोर झाडीतून धावताना हरणासारखाच दिसतो.