आधी दळण, मग गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून आमच्या घरात नातेवाइकांची प्रतवारी नव्याने लागली आहे. पूर्वी ती लग्नातल्या आहेरावरून लागायची, आता पंधरा अँपिअरच्या प्लगवरून लागते. कराडच्या आत्याबाईंकडे जायचं म्हटलं की घरात कोणाला ना कोणाला कणकण यायची. त्यांनी गाडी लावायच्या जागेशेजारी पॉवर प्लग काढून घेतला आणि एका रात्रीत त्या पहिल्या नंबरावर गेल्या. उलट ज्या चुलतभावाबरोबर अख्खं लहानपण गेलं, तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. जीव आहे त्याच्यावर, पण वायर पोचत नाही.

साताऱ्यात राहून गाडीचं काही अडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. रात्री घरी लावायची, सकाळी भरलेली. कासला जाऊन या, खंबाटकी ओलांडून पुण्याला जा. महामार्गावर हॉटेलांच्या आवारात फास्ट चार्जर आहेत. मिसळ, चहा, पुन्हा चहा आणि शेजारच्या गाडीवाल्याच्या मुलीचं स्थळ एवढं होईपर्यंत बॅटरी ऐंशी टक्क्यांवर येते. सरकारनेही समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली आहे. तिन्हींतला एकही रस्ता सातारा जिल्ह्यातून जात नाही, पण दुसऱ्याचं भलं झालं तरी माणसाने आनंद मानावा.

खरी मजा महामार्ग सोडल्यावर. बायकोचे मामा पाटणच्या वर, पठारावर राहतात. मे महिन्यात त्यांच्याकडे जायचा घाट घातला. आधी महामार्गावरच गाडी भरून घ्यावी म्हणून एका हॉटेलात शिरलो. मोबाइलवर चार्जर हिरवागार दिसत होता. जागेवर त्याच्या नळीला कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

"त्ये बंद हाय," वेटर म्हणाला, "पण मिसळ चालूय."

मिसळ खाऊन उंब्रजला आत वळलो. गाडीच्या रेंजचा, म्हणजे एकदा भरल्यावर ती किती किलोमीटर जाईल याचा, जो मोठा आकडा जाहिरातीत असतो तो चाचणीतला. चाचणीत गाडी रोलरवर जागच्या जागी धावते. तिला घाट नसतो, आणि मागच्या सीटवर सासूबाई नसतात. आता हिशेब बघा. माणसं, बॅगा आणि कंदी पेढे धरून गाडी अठराशे किलो. ती पाचशे मीटर वर उचलायला नुसत्या वजनापायी अडीच युनिट लागतात, आणि आमची बॅटरी सगळी मिळून तीस युनिटची. हे मी घाटाच्या पायथ्याशी सविस्तर समजावून एसी बंद केला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळं किती गेले?" या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर आहे, पण संसारात नाही. एसी पुन्हा चालू झाला.

वर पोचलो तेव्हा टक्केवारी एक आकडी झाली होती. समोर पवनचक्क्या गरगर फिरत होत्या. वनकुसवड्याच्या पठाराची वारा-वीज प्रसिद्धच आहे. खाली त्याच तालुक्यात कोयना, 1960 मेगावॉटची, जिला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. दोहींच्या मध्ये मी, हातात वायरची गुंडाळी घेऊन.

मामा अंगणात आले. गाडी आवाज करत नाही याचा त्यांना आधी संशय आला. "जावईबापू, ही बंद पडलीया का चालूय?" मग मामींनी पाणी आणलं, गूळ आणला. पूर्वी जावई आधी पाणी प्यायचा, मग ख्यालीखुशाली विचारायचा. मी विचारलं, "थ्री पिन कुठाय?"

थ्री पिन होती. तीन भोकंही होती. तिसऱ्या भोकामागे मात्र काहीच नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या कैक घरांत हे भोक शोभेचं असतं. टीव्ही, मिक्सर त्याची चौकशी करत नाहीत. गाडीचा चार्जर मात्र करतो. वायर लावली की तो आधी अर्थिंग तपासतो, आणि नसली तर लाल दिवा लावून बसतो. मामांना हा दिवा अपमानासारखा वाटला. "आमच्यात चाळीस वर्षं लाईट हाय, कधी कुणी तक्रार केली नाय!"

अर्थिंग गावात एकाच ठिकाणी खात्रीची, पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्या आबांनी खड्डा खोदून, मीठ-कोळसा घालून पट्टी पुरलेली. उन्हाळ्यात माती सुकली की त्यात बादलीभर पाणी ओततात, तसं ते आजही ओतलं. मी वायर लावली. हिरवा दिवा! इतक्यात आबांनी गिरण चालू केली, मोटरीने पहिला दम घेतला, व्होल्टेज बसलं आणि गाडीने चार्जिंग सोडून दिलं. गिरण बंद, गाडी चालू. गिरण चालू, गाडी बंद. दोन्ही एकदम जमेना.

दारात डब्यांची रांग होती. आबांनी रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"किती येळ लागंल?"

"पुरती भरायची तर दहा तास."

रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "दाजी, आमच्या भाकरीचं काय? गाडीचं दळण रात्री ठेवा."

न्याय झाला. सगळ्यांचं दळण उरकल्यावर गाडीचा नंबर लागला. तोवर वळीव आला, लाईट गेली, मध्यरात्री कधीतरी परत आली. मी गिरणीत पिठाने पांढरा होऊन मोबाइलवर टक्के मोजत होतो. आबा सोबतीला होते. त्यांना मी सांगितलं की डोंगरावर पूर्ण भरूच नये, कारण उतारावर गाडी स्वतःच वीज करते आणि बॅटरी भरलेली असली तर ती ठेवायला जागा राहत नाही. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे खाली जाताना तुम्ही लायटीचं बिल भरत न्हाय, उलट घेता?"

पैशांचा प्रश्न आला तेव्हाही पेच पडला. मी युनिटचा दर विचारला. आबांकडे दर दोनच होते, जोंधळ्याचा आणि गव्हाचा. शेवटी त्यांनी गव्हाचा लावला, कारण पाव्हणं साताऱ्याचं.

सकाळी निघताना मामांनी डिकी उघडायला लावली आणि तांदळाची दोन पोती आत टाकली. मी नको म्हणालो, वजन वाढेल म्हणालो.

"आबा सांगत व्हता," मामा म्हणाले, "उताराला गाडी वीज करतीया. मग वजन जास्त तर वीज जास्त. खरं का खोटं?"

खरं होतं. मामींनी ते ऐकून दोन फणस आणले. पाटणच्या पुढे सपाट रस्त्याला हेच वजन उलट वीज खाणार, एवढं सांगायला मी तोंड उघडलं.

"म्हणून तर," मामांनी डिकी लावून घेतली, "येक पोतं आन् येक फणस पाटणला आमच्या व्याह्यांच्यात उतरवायचा हाय."