ऑगस्टच्या आकड्यांवरून बॅकअप क्वार्टरबॅक ठरवू नका

दर ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मराठी फुटबॉलवेड्यांमध्ये (फुटबॉल म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल, त्याची व्यावसायिक लीग एनएफएल) एक मजकूर फिरतो. तो असतो बॅकअप क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूच्या राखीव माणसाबद्दल. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "बॅकअप क्वार्टरबॅक सीझनमध्ये खेळतच नाही, त्यामुळे त्याला जोखायची जागा एकच, प्रीसीझन. समोरचे खेळाडूही एनएफएलचेच असतात. आकडे खोटं बोलत नाहीत. ब्रेडी आणि रसेल विल्सन असेच सापडले. जो ऑगस्टमध्ये चमकला त्याला ठेवा, जो अडखळला त्याला काढा. कोच मंडळी मात्र ओळखीच्या जुन्या माणसांना धरून बसतात."

मी बरीच वर्षं क्लीव्हलँडजवळ राहतो आणि ब्राउन्स या तिथल्या टीमचा चाहता आहे. या विचारावर भरवसा ठेवण्याची किंमत माझ्या टीमने मोजलेली मी पाहिली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो. भारतात बसून रविवारी रात्री साडेदहाला मॅच लावणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो: प्रीसीझन म्हणजे सीझनआधीचे तीन सामने (२०१९ पर्यंत चार असायचे). त्यांचा निकाल कुठेच धरला जात नाही आणि मुख्य खेळाडू त्यांत फार वेळ उतरत नाहीत.

"समोरचे खेळाडूही एनएफएलचेच" हे आधी बघू. ऑगस्टमध्ये प्रत्येक टीमकडे ९० खेळाडू असतात, सीझन सुरू होताना ५३ उरतात. टीममागे ३७ जण कमी, म्हणजे बत्तीस टीमचे मिळून ११८४. २०२३ पासून ही छाटणी एकाच मुदतीला होते. काहींना प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (सरावापुरत्या राखीव गटात) जागा मिळते, अनेकांची कारकीर्द तिथेच संपते. बॅकअप क्वार्टरबॅक बराचसा खेळतो तो सामन्याच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा त्याच्या समोर बहुतांशी हीच छाटली जाणारी माणसं असतात. त्याला सांभाळणारी ऑफेन्सिव्ह लाइनही तिसऱ्या फळीची असते. त्यामुळे त्याचा आकडा फुगलेला आहे की दबलेला, हे नुसता आकडा बघून कळत नाही.

दुसरं असं की ऑगस्टमध्ये डिफेन्स पत्ते झाकून खेळतो. सप्टेंबरसाठी राखून ठेवलेला ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांनी धावून जाण्याची चाल) कुठलाही कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्स आखणारा कोच, आधीच उघड करत नाही, कारण चित्रीकरण प्रत्येक टीमच्या हाती पडतं. कव्हरेज (पास पकडणाऱ्यांवरचा पहारा) साधं असतं आणि स्नॅपआधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, दिसतं तेच बहुतेकदा स्नॅपनंतरही असतं. प्रतिस्पर्ध्यासाठी आठवडाभर बसून आखलेली योजना दोन्ही बाजूंना नसते. क्रिकेटच्या दौऱ्यावरचे सराव सामने आठवा. दोन्हीकडून पंधरा-पंधरा जण आलटून पालटून खेळले की त्या सामन्याला प्रथम श्रेणीचा दर्जा मिळत नाही आणि तिथलं शतक कारकिर्दीच्या आकड्यांत धरत नाहीत. प्रीसीझनचं गणितही तेच आहे.

"आकडे खोटं बोलत नाहीत." आकडे किती आहेत ते तरी बघा. बॅकअपने सगळ्या प्रीसीझनमध्ये समजा ५० पास टाकले. त्यातला एक पास रिसीव्हरने पकडला आणि चुकलेल्या टॅकलमुळे ६० यार्ड पळाला, तर त्या एकाच खेळीने क्वार्टरबॅकची सरासरी पासमागे १.२ यार्डांनी वाढते. एवढ्या फरकाने चांगला आणि सामान्य क्वार्टरबॅक वेगळे होतात. आणि तो टॅकल चुकवणारा बहुधा आठवड्याभरात घरी जाणार असतो.

निकालांचं तर विचारूच नका. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सने प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि पुढे सीझनचे सोळाच्या सोळा हरले. २०१७ मध्ये आमच्या ब्राउन्सने नेमकं तेच केलं, चारपैकी चार आणि मग सोळापैकी शून्य. त्या ऑगस्टमध्ये ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) दुसऱ्या फेरीत निवडलेला डिशोन काइझर उठून दिसला आणि नवखा असूनही त्याला मुख्य क्वार्टरबॅक केलं गेलं. सीझनअखेर त्याच्या नावावर ११ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि २२ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) होते, आणि सुरुवात केलेले पंधराही सामने तो हरला होता. पुढच्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत लोकांनी स्टेडियमभोवती ०-१६ ची मिरवणूक काढली. काइझरबद्दल मला आजही वाईट वाटतं. एकवीस वर्षांच्या पोराला आपण ऑगस्टच्या जोरावर पुढे ढकललं आणि हरल्याचा राग त्याच्यावर काढला.

उलटं उदाहरणही माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. २३ ऑगस्ट २०१८ ला फिलाडेल्फिया ईगल्स क्लीव्हलँडला आले तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. त्यांचा क्वार्टरबॅक निक फोल्सने त्या रात्री दोन इंटरसेप्शन दिले, स्वतःच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) पकडला जाऊन सेफ्टीही, म्हणजे समोरच्यांना दोन गुण, दिली आणि ईगल्स ५-० हरले. फुटबॉलमध्ये हा स्कोअर जन्मात एखाद्या वेळी दिसतो. आसपासचे लोक म्हणत होते की हा संपला. सहाच महिन्यांपूर्वी याच माणसाने जखमी मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झच्या जागी उभं राहून पेट्रियट्सविरुद्ध ३७३ यार्ड आणि तीन टचडाउन पास टाकत ४१-३३ असा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून दिला होता आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता. त्या विजयाच्या आधीच्या ऑगस्टमध्ये तर कोपर दुखत असल्यामुळे तो फारसा खेळलाच नव्हता. आणि ज्याला आम्ही संपवलं होतं त्याने २०१८ चा सीझन संपताना पुन्हा वेंट्झच्याच जागी येऊन ईगल्सना प्लेऑफमध्ये नेलं आणि शिकागोत बेअर्सना १६-१५ हरवलं.

आता मजकुराचा मुख्य दावा: प्रीसीझन हीच बॅकअपची एकमेव परीक्षा. माझा खरा विरोध इथे आहे, कारण बॅकअपचं काम काय असतं हेच त्यात विसरलं जातं.

प्रीसीझनमध्ये बॅकअपला आपण कधी उतरणार हे आधी माहीत असतं. कोणत्या खेळ्या येणार हेही ठाऊक असतं, आणि त्या त्याने आठवडाभर त्याच सहकाऱ्यांबरोबर घोटलेल्या असतात. सीझन सुरू झाला की हे सगळं जातं. सरावातले मुख्य टीमबरोबरचे जवळजवळ सगळे स्नॅप पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. बॅकअप तेव्हा स्काउट टीममध्ये असतो. पुढच्या रविवारी समोर येणाऱ्या क्वार्टरबॅकची नक्कल करून तो आपल्या डिफेन्सला सराव देतो. म्हणजे आठवडाभर तो दुसऱ्याच टीमच्या खेळ्या खेळतो. मग रविवारी पहिल्याचा गुडघा किंवा खांदा जातो आणि याला दुसऱ्याला साजेशी आखलेली योजना घेऊन, वॉर्मअपचा एकही पास न टाकता, मैदानात जावं लागतं. ऑगस्टचा कुठला सामना ही परीक्षा घेतो?

२०२३ चं उदाहरण सांगतो. ब्राउन्सने डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सनला पाचव्या फेरीत घेतलं होतं. हॉल ऑफ फेम सामन्यापासूनच (प्रीसीझनचा पहिला सामना) तो छान खेळला, पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशात) शांत राहायचा, पळायचाही. आम्ही सगळे खूश होतो, मीसुद्धा. टीमही इतकी खूश झाली की अनुभवी जोशुआ डॉब्जला ऑगस्टच्या शेवटी ॲरिझोनाला देऊन टाकलं आणि मुख्य क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसनच्या मागे हा नवखा मुलगा ठेवला. १ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर बॉल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध वॉटसनचा खांदा साथ देईना आणि सामन्याच्या दिवशीच ठरलं की थॉम्पसन-रॉबिन्सन खेळणार. समोरचा डिफेन्स त्या वर्षी सर्वांत कमी गुण देणारा आणि सर्वांत जास्त सॅक करणारा (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणारा) ठरला. स्नॅपआधी एक दाखवायचं आणि नंतर दुसरंच करायचं, ही त्यांची खासियत. त्याने ३६ पैकी १९ पास पूर्ण केले, यार्ड १२१, इंटरसेप्शन तीन, आणि आम्ही २८-३ हरलो. हात तोच होता, डोकंही तेच होतं. ऑगस्टमध्ये त्याला जे कुणी विचारलंच नव्हतं ते त्या दिवशी एकदम विचारलं गेलं.

आणि ज्याला आम्ही जाऊ दिलं तो डॉब्ज? ऑक्टोबरअखेर ॲरिझोनाने त्याला मिनेसोटा व्हायकिंग्जला दिलं. पाचच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला अटलांटात, मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उतरलेला जॅरेन हॉल डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि डॉब्ज मैदानात आला. नव्या सहकाऱ्यांची नावंही त्याला नीट माहीत नव्हती. कोच केव्हिन ओकॉनेल हेल्मेटमधल्या स्पीकरवरून त्याला खेळी समजावत होता, तीही प्ले क्लॉकवर (खेळी सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरेपर्यंतच, कारण तिथे तो संपर्क नियमाने बंद होतो. दोन टचडाउन पास, पायांनी ६६ यार्ड आणि आणखी एक टचडाउन, आणि शेवटच्या मिनिटाला ३१-२८ असा विजय. बॅकअपचं काम ज्याला बघायचंय त्याने तो सामना बघावा.

ब्रेडी आणि विल्सनच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करतो. २०१२ मध्ये सिएटलने मॅट फ्लिनला मोठ्या करारावर आणलं होतं, पण तिसऱ्या फेरीतल्या विल्सनने प्रीसीझनमध्येच जागा जिंकली आणि पुढच्याच सीझनअखेर सुपर बोलही जिंकला. पण तिथे काय घडलं ते नीट बघा. कोच पीट कॅरोलने त्याला मुद्दाम पहिल्या फळीबरोबर कॅन्सस सिटीविरुद्ध सुरुवात करायला लावली, म्हणजे प्रश्नपत्रिकाच वेगळी काढली. शिवाय फ्लिनला तो करार कशावर मिळाला होता? मुख्यतः एका सामन्यातल्या ४८० यार्ड आणि सहा टचडाउनवर. तो तर सीझनमधला खरा सामना होता, आणि तरीही एका सामन्यावरची पारख फसली.

ब्रेडीचं तर उलटंच आहे. २००० मध्ये पेट्रियट्सनी चार क्वार्टरबॅक ठेवले, तो चौथा. अख्ख्या सीझनमध्ये त्याने तीन पास टाकले, एक पूर्ण झाला, सहा यार्डांचा. २००१ चा ऑगस्ट त्याच्या कामी आला हे खरं, पण त्याआधीचं सरावातलं एक वर्ष कोचनी रोज पाहिलेलं होतं आणि आपण ते पाहिलं नव्हतं. मजकूर लिहिणाऱ्यांना खरंच बळकट उदाहरण हवं असेल तर ते टायसन बेजंटचं द्यावं. डिव्हिजन टूच्या (कॉलेज फुटबॉलच्या खालच्या पातळीच्या) शेफर्ड विद्यापीठातला, ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला हा मुलगा २०२३ च्या प्रीसीझनमुळेच शिकागो बेअर्समध्ये टिकला आणि त्याने सुरू केलेल्या चारपैकी दोन सामने जिंकला. त्याच्यापुढे फिका पडलेल्या पी. जे. वॉकरला बेअर्सने काढलं. तो आमच्याकडे आला आणि १५ ऑक्टोबरला, तोवर एकही सामना न हरलेल्या फोर्टीनाइनर्सविरुद्ध १९-१७ जिंकलेल्या सामन्यात तोच क्वार्टरबॅक होता. त्यात श्रेय डिफेन्सचं जास्त, वॉकरने दोन इंटरसेप्शनही दिले. पण "अडखळला त्याला काढा" म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी आमच्याकडे दुसरा कोण होता तेही सांगावं.

राहिला कोच आणि जुन्या माणसांचा मुद्दा. चेस डॅनियल एनएफएलमध्ये दहा वर्षांहून जास्त राहिला आणि त्याने फक्त पाच सामन्यांची सुरुवात केली. टीम त्याला पुन्हा पुन्हा घेत होत्या कारण आठवड्यातले सहा दिवस मीटिंगच्या खोलीत तो कामाचा होता. समोरच्या डिफेन्सचं चित्रीकरण चाळणं, पहिल्या क्वार्टरबॅकशी योजनेवर बोलणं, मैदानाकडेला उभं राहून त्याला दिसत नाही ते सांगणं, हे सगळं बॅकअपच्याच कामात मोडतं. याचे आकडे कुठे छापून येत नाहीत, म्हणून ते काम नसतं असं नाही.

जो फ्लॅको २०२३ च्या ऑगस्टमध्ये कुठल्याच टीममध्ये नव्हता. नोव्हेंबरमध्ये, अडतिसाव्या वर्षी, ब्राउन्सने त्याला बोलावलं. पाच सामन्यांत १,६१६ यार्ड, १३ टचडाउन, चार विजय, आणि आम्ही प्लेऑफमध्ये. तिथे ह्यूस्टनविरुद्ध त्याचे दोन पास थेट त्यांच्या टचडाउनमध्ये गेले आणि आम्ही ४५-१४ हरलो, हेही सांगायला हवं. तरी तोवरचा तो महिना क्लीव्हलँडला त्यानेच दिला होता.

मी प्रीसीझन बघू नका म्हणत नाही. मी स्वतः प्रत्येक सामना शेवटपर्यंत बघतो. पण पासांची बेरीज न करता बघतो: खेळी वेळेत सुरू होते का, ब्लिट्झ येताना दिसला तर तो लाइनला हाक देऊन रचना बदलतो का, पहिला रिसीव्हर झाकला गेला तर नजर दुसऱ्याकडे जाते का, आणि काहीच नसेल तेव्हा चेंडू बाहेर फेकून देण्याचं शहाणपण आहे का.

थॉम्पसन-रॉबिन्सनचं पुढे काय झालं ते राहिलं. १५ नोव्हेंबरला, बुधवारी, वॉटसनचा सीझन संपल्याचं जाहीर झालं आणि रविवारच्या स्टीलर्सविरुद्धच्या सामन्यासाठी याचं नाव ठरलं. या वेळी मुख्य टीमबरोबरचा सराव त्याला मिळाला आणि योजना त्याच्यासाठी आखली गेली. १०-१० अशी बरोबरी असताना शेवटच्या दीड मिनिटात त्याने छोटे छोटे पास टाकत टीमला फील्ड गोलच्या टप्प्यात आणलं, डस्टिन हॉपकिन्सने किक मारली आणि ब्राउन्स १३-१० जिंकले. सात आठवड्यांपूर्वी याच स्टेडियममध्ये लोक त्याला हुर्यो देत होते.