नावात ‘ज्ञ’ आहे

माझे नाव प्रज्ञा. मराठी वाचकाला या वाक्यात काहीही धोकादायक दिसणार नाही. पण हेच वाक्य फोनवरून एखाद्या अमराठी माणसाला सांगून पाहावे. पलीकडे आधी शांतता पसरते, मग ‘प्रतिमा?’ अशी विचारणा होते, ती नाकारली की ‘प्रिया?’ येते, आणि अखेरीस मी पी, आर, ए, डी, एन, वाय, ए ही अक्षरे दवंडी पिटल्यासारखी एकेक करून सांगते. ती उतरवून घेतल्यावर पलीकडचा आवाज विजयी सुरात म्हणतो, ‘म्हणजे प्राड-निया ना?’ मी ‘चालेल’ म्हणते. काम अडलेले असताना अस्मिता जपण्याइतके बळ माझ्या अंगी नाही.

सगळा घोटाळा त्या ‘ज्ञ’चा आहे. मराठी माणूस तो ‘द्न्य’ असा म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो आणि गुजराती ‘ग्न’. ज्याने त्याने आपापल्या कानाला स्मरून तो रोमन लिपीत लिहिला, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, पदवीच्या प्रमाणपत्रावर दुसरी आणि बँकेच्या खात्यावर तिसरीच प्रज्ञा नांदत होती. पासपोर्ट काढताना या तिघी एकच असल्याचे मला शपथेवर लिहून द्यावे लागले. त्या कागदाला प्रतिज्ञापत्र म्हणतात. म्हणजे ज्या अक्षराने गुन्हा केला, त्यालाच साक्षीला उभे करायचे. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या, प्रत्येकी 44 जागांच्या दोन ओळी असतात आणि त्यांत नावासाठी रोमन लिपीच्या 26 अक्षरांपलीकडे काहीही चालत नाही. जर्मन स्वरांवरची दोन टिंबे असोत, की व्हिएतनामी स्वरांच्या डोक्यावर एकावर एक चढवलेली चिन्हे असोत, सगळ्यांना तिथे टोपी काढूनच आत जावे लागते, हे कळल्यावर मला बरे वाटले. दुसऱ्याचेही हाल होताना पाहून आपले हाल सुसह्य होतात, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

खरे तर शुद्ध उच्चाराचा जो तोरा मी मिरवत असे, तो संस्कृत जाणणाऱ्या एका काकांनी पूर्वीच उतरवला होता. ‘ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ. यात द कुठून आला गं?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. जगाला मी जो शुद्ध उच्चार शिकवत हिंडत होते, तो आमच्या घरचाच अपभ्रंश निघाला. फक्त सारा मराठी मुलूख पाठीशी असल्यामुळे तो निर्धास्त होता.

आणि या शब्दाने प्रवास तरी किती करावा! पालीत तो ‘पञ्ञा’ झाला, मग बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला. ज्या प्रवाशाला एके काळी आपण ह्युएन त्संग म्हणून पाठ केले आणि ज्याला पाठ्यपुस्तके आता युआन श्वांग म्हणतात (त्याच्या नावाचे आपण काय केले, हा विषय इथे नको), त्याच्या नावावर असा एक दंडक सांगितला जातो, की प्रज्ञेसारख्या आदरणीय शब्दाचे भाषांतर करू नये, त्याचा ध्वनीच ठेवावा. हेतू थोर होता. मात्र जपानपर्यंत पोचेतो त्या ध्वनीचा ‘हान्न्या’ झाला, आणि तिथल्या नोह नाटकात मत्सरापायी राक्षसीण झालेल्या स्त्रीचा शिंगे आणि सुळे असलेला जो मुखवटा असतो, त्यालाही हान्न्याच म्हणतात. हे मी घरी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. मुलीने तो मुखवटा तत्काळ स्वतःच्या मोबाइलमध्ये माझ्या नावापुढे लावला. आता मी फोन केला, की तिच्या पडद्यावर शिंगे उगवतात.

इतके सोसलेल्या बाईने दुसऱ्याच्या नावाला तरी जपावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आमच्या ऑफिसातल्या एका व्हिएतनामी सहकाऱ्याचे आडनाव त्या देशात सर्वांत जास्त आढळणारे, एन आणि जी या अक्षरांनी सुरू होणारे. दोन वर्षे मी त्याला ‘न’वर पाय रोवून ‘गु’वर उडी मारत ‘मिस्टर न्गुयेन’ म्हणत होते. एकदा धीर करून विचारले, तेव्हा त्याने ते सावकाश म्हणून दाखवले आणि मी चपापले. सुरुवातीलाच स्वच्छ ‘ङ’ होता! बालवाडीच्या तक्त्यावर ज्याच्या चौकोनात कधीच चित्र नसते, आणि वाङ्मयात डोकावण्यापलीकडे ज्याला उभ्या जन्मात फारसे काम नसते, तो ङ इतकी वर्षे माझ्या घरात पडून होता आणि नेमकी गरज पडली तेव्हा मी ‘न्गु’ करत बसले. शिवाय त्यांच्यात सहसा आडनावाने हाक मारतच नाहीत, हाकेचे नाव शेवटी येते, हेही त्याने त्याच दिवशी सांगितले. म्हणजे दोन वर्षे मी चुकीचे नाव चुकीचे उच्चारत होते.

मग त्याने माझ्या नावाचा खरा उच्चार विचारला. ‘प्राड-निया चालेल’ हे माझे ठरलेले उत्तर त्याने मानले नाही. मी अर्थ सांगितला, बौद्ध सूत्रांचा उल्लेख केला, आणि त्याचा चेहरा उजळला. हा शब्द त्यांच्याकडेही आहे, ‘बात ञा’. आणि त्यातला ञ त्याच्या तोंडून इतका सहज आला, की काकांनी त्याची पाठ थोपटली असती. मी तो शब्द पाच-सहा वेळा म्हणून पाहिला. त्याने प्रत्येक वेळी मान डोलावली आणि शेवटी अत्यंत विनयाने सांगितले, की पहिला भाग उत्तम जमला आहे, मात्र सुटा घेतला तर त्याचा अर्थ ‘वाडगा’ असाही होतो. आणि दुसरा भाग मी ज्या सुरात म्हणते आहे, त्या सुरात तो ‘घर’ होतो.

मी सवयीने ‘चालेल’ म्हणाले.